काकांचा यंत्राचा हात

"दंड घामाने भिजलाय, तरी हा हात काढायचं नाव नाही," काकू नवऱ्यावर कुरकुरल्या.

कंबर शेकायला आलेल्या शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर थोड्या जवळ सरकल्या, तेवढंच नीट ऐकू येईल म्हणून. काकांचा उजवा हात यंत्राचा होता आणि तो बनवणारी संशोधक पुतणी समोरच उभी होती.

"काका, जेवता ना याच हाताने?"

"रोज. विचार काकूला."

"मला मध्ये ओढू नका."

"आणि दाढी?"

"बघ की, कशी गुळगुळीत आहे."

"मग आज डॉक्टरांना सांगते, हात पास झाला. वस्तीत ज्यांना ज्यांना हवाय, त्या सगळ्यांना हाच देऊ."

"सगळ्यांना? हात गेलेल्या त्या हमालालासुद्धा?" काकूंनी विचारलं.

"त्याला तर पहिला."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, बोला आता. तो बिचारा ओझी उचलणार की हा हात?"

"बोलतो, कोपर नको मारूस. पोरी, हात देखणा आहे गं. पण जड आहे. सगळं मी डाव्यानेच करतो. तू यायची असलीस की काकू याच्यावरची धूळ पुसते."