जिवापाडचं सामान

बसा हो, बसा या बाकावर—हा कुत्रा चावत नाही, नुसता हुंगतो. पिकल, गप! आत्ता फोनवर आईला सांगत होतात ना, पहिला पगार झाला आणि हातात काहीच उरलं नाही म्हणून? ऐकू आलं, कान शाबूत आहेत माझे. आणि तोडगा काय, तर म्हणे पूल ओलांडून न्यू जर्सीत राहायला जातो! वा, मोठा शोध लावलात. वॉशिंग्टनवाले कर घेतात, न्यूयॉर्क राज्य घेतं, मग हे शहर उरलंसुरलं चाटायला येतं—कशाबद्दल? तर तुम्ही इथं झोपता म्हणून! राज्य काही सोडत नाही, नोकरी इथली असली की पलीकडे गेलात तरी मानगुटीवर बसतंच. शहराचा कर मात्र इथं राहणाऱ्यालाच. मग मी काय दूधखुळा होतो तो भरायला? पलीकडे न्यू जर्सीत, फोर्ट लीत घर घेतलं—ती बघा, नदीपलीकडची विटकरी इमारत. हातात येणारा पगार लगेच फुगला. ऑफिसातल्या गाढवांना सांगत हिंडायचो, भरा लेको, भरा!

बायको? ती नाही आली. डोरीन इथल्या शाळेत शिकवते, म्हणून ती आमच्या जुन्याच घरात—हे मागचं, तिसरा मजला—आणि शनिवार-रविवार माझ्याकडे. छान चाललं होतं की! तर कर खात्याच्या पोटात दुखलं. बोलावलं दोघांना. साहेब कसला, नुकतं मिसरूड फुटलेलं पोर, टायवर सॉसचा डाग—विचारतो, बायको इथं, मग तुमचं घर पलीकडे कसं? आता यांची अक्कल बघा—माणसाच्या जिवापाडच्या गोष्टी जिथं, तिथं त्याचं खरं घर, असं धरतात हे लोक. माझ्या वकिलानं आधीच पढवलं होतं. आईचा पियानो, वडिलांचं घड्याळ, हा पिकल, सगळं पलीकडे नेऊन ठेवलेलं. मी छाती काढून म्हटलं, साहेब, मला जे जे जिवापाड प्रिय आहे ते सगळं न्यू जर्सीत आहे, इथं माझं काही उरलेलं नाही—ती शेजारीच होती. हो, माझ्याच शेजारी, पर्स मांडीवर घेऊन.

जिंकलो! एक सेंट भरला नाही. लिफ्टमध्ये मी हसतोय आणि ही म्हणते, "हर्शेल, छान बोललास." बस्स. त्या शनिवारी आली नाही, मग आलीच नाही. अहो, कायद्याचं बोलणं ते, कायद्यापुरतं! शिकलेल्या बाईला कळू नये? काय करायला हवं होतं मी, त्या पोरासमोर प्रेमाचे उमाळे आणायचे? आणि वर कर भरायचा? ... भरला असता. भरायलाच हवा होता. आज तिला तेच सांगणार आहे—घर विकतो, पियानो परत आणतो, शहराला काय गिळायचंय ते गिळू दे. या पिशवीत? बाबका आहे, दालचिनीचा गोड पाव. चॉकलेटचा तिला चालत नाही.

थांबा—आली. तुम्ही बसा. डोरीन! अगं ऐक, मी ते फोर्ट लीचं—हो, खाल्लंय त्यानं सकाळी. हो, औषध दिलंय. अगं, दोनच मिनिटं, मला एवढंच—हं. हा घे पट्टा.

गेली. दर रविवारी येते खाली, कुत्र्याला न्यायला. संध्याकाळी आणून सोडते—पलीकडे, माझ्या इमारतीच्या दारवानाकडे.

काय बघताय? हा बाबका घ्या तुम्हालाच. घ्या हो! जायचंय ना पलीकडे? पूल त्या बाजूला आहे. चला, निघा.