जळलेला डॅक

हसू नका बे, माह्या जागी असते तं तुमालेही घाम फुटला असता. मोबाईलमधल्या डिजिटल गाण्याचा खरा आवाज करून अँप्लिफायरले देते, त्या डब्याले डॅक म्हणतात. माहा जुना डॅक चांगला होता, पण मले नवा पाह्यजे होता. म्हणून बायकोले सांगतलं, "जुना जळला." अन् नवा घेऊन आलो. जुना मी कपाटावर ठेवून देला.

परवा जानेफळहून सलीमभाई आला. अँप्लिफायर दुरुस्त करते तो. बायको चहा देऊन राह्यली होती, अन् हा म्हणते, "जुना काढ ना बे. दोन्ही लावून पाहू, कोणाचा आवाज गोड हाय ते."

मी घाईघाईनं म्हटलं, "जुना तं जळला ना!"

"काय जळलं त्यातलं?"

"सगळाच जळला."

"सगळा कसा जळन बे? आण इकडं." त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मेकॅनिकसमोर 'जळला' म्हणणं म्हणजे त्याले जेवाले बोलावणं हाय.

मी त्याचा कप पुढं सरकवला. "राहू दे ना भाई, चहा थंडा होऊन राह्यला."

तेवढ्यात बायको म्हणाली, "उघडू नका भाई, चांगला चालते तो. हे दुकानात गेले का मी रोज तोच लावतो. नव्याचा आवाज साफ हाय, पण कोरडा वाटते."

सलीमभाईनं स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला अन् माह्या कानात म्हणे, "आता नवा जळला म्हण."