जेवणघर बंद करणारा हात

सभेचे माननीय अध्यक्ष नित्झान, व्यासपीठावरचे सल्लागार, तेल शिताह किबुत्झचे सभासद आणि ज्याला उद्या आपण हैफाला पोराकडे धाडतोय तो एल्यकीम, सर्वांना ब्रुरियाचा शालोम. ‘माननीय’ म्हटलं म्हणून दचकू नका. सहासष्ट वर्षं इथे शेत, पैसा, जेवण सगळं सामाईक होतं, माननीय कोणीच नव्हतं. आता सल्लागार आणून किबुत्झचं खासगीकरण केलंय, तेवढं चालायचंच.

मला आपल्या गौरवशाली इतिहासावर बोलायला सांगितलंय. तर, एकोणीस माणसं, एक खेचर आणि तीन राजकीय गट एवढ्यावर हे गाव उभं राहिलं. गटबाजीत नव्हतं ते फक्त खेचर, म्हणून नांगरट झाली. पुढे गोठा आला, कापूस आला, पाइपांचा कारखाना आला. आणि खोलीत स्वतःची किटली ठेवावी का, यावर चार सभा झाल्या! ‘आज किटली, उद्या सोफा!’ असं एकाने बजावलं होतं. खरंच होतं हो त्याचं. आज माझ्याकडे दोन सोफे आहेत.

एल्यकीमने एकतीस वर्षं कामवाटपाचा फळा सांभाळला. मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. सभेने हात वर करून ठरवलं, की किबुत्झला दगड नकोत, कोबी हवाय. एल्यकीमने फळ्यावर लिहिलं, ‘ब्रुरिया, स्वयंपाकघर, तात्पुरतं.’ त्याला झाली अडतीस वर्षं. राग आला होता का, म्हणून काय विचारता? अजून येतो!

त्या अडतीस वर्षांत हा बाबा तिन्ही वेळा माझ्यासमोर ताट घेऊन उभा राहिला. मीठ कमी आहे, एवढंच काय ते बोलला असेल. बायको गेली त्या दिवशीही आला होता. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या उष्ट्याच्या भांड्याकडे बघत बसला.

मग हिवाळ्यात ठराव आला, सगळ्यांचं सामाईक जेवणघर तोट्यात आहे, बंद करा. बाजूने चौऱ्याण्णव हात. त्यातला एक एल्यकीमचा! मी बाहेर गाठलं त्याला.

“अरे, डोकं फिरलं का तुझं? तू कशाला हात वर केलास?”

“बहुमत तिकडेच होतं, ब्रुरिया.”

“आणि जेवणार कुठे तू?”

“त्यावर ठराव नव्हता.”

काय बोलावं या माणसाला! एकोणऐंशी वर्षांचा झाला, पण गॅस पेटवता येत नाही. कसा येईल? आपण कधी फळ्यावर लिहिलंच नाही ना तसं. तीन महिने मोरीपाशी उभ्याउभ्या पाव आणि ऑलिव्ह खातोय. किती बारीक झालाय, बघा जरा. पोराने ते पाहिलं आणि उद्या गाडी घेऊन येतोय. आणि आपण काय केलं? केक कापला. सल्लागारांनी घड्याळ द्यायचं ठरवलं, जेवणाची वेळ कळावी म्हणून असेल.

अध्यक्ष, घंटी वाजवू नका, आवरतेच आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. जीभ घसरली असेल तर म्हातारीला पदरात घ्या.

आणि एल्यकीम, माझा नवरा गेल्यापासून मीही एकटीच जेवते, आणि चौघांचं रांधायची सवय काही सुटत नाही. पोराला फोन कर, गाडी आणू नको म्हणावं. सकाळी सातला माझ्याकडे ये. हात खाली घ्या रे सगळे! तुम्हाला कोणी विचारलंय?