सर्वांत जवळचा योग्य रस्ता

नाव: सिक्स्टेन नूरलुंद. वय: ७३ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त, पूर्वी लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्याचे काम व एकवीस वर्षे कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेचा अध्यक्ष. राहणार: ग्रानफोर्श, बंद गिरणीच्या मागे, पिवळे घर.

आज, दिनांक १० जून २०१४ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, पूर्ण शुद्धीत आणि कोणी पढवलेले नसताना, मी खालीलप्रमाणे सांगतो.

आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी जंगलातला खासगी रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे, हिरव्या रंगाच्या स्टेशन वॅगनच्या उघड्या डिकीत जे दोन इसम आडवे आढळले, त्यांपैकी डावीकडचा मी. उजवीकडचा हिल्डिंग बर्गवाल, वय ७६, जुना मेकॅनिक. लाकडाच्या ट्रकच्या चालकाने "डिकीत दोन प्रेते आहेत, बूट बाहेर आलेत" अशी खबर दिली असल्यास ती चुकीची आहे. बूट बाहेर आले होते, कारण हिल्डिंगचा उजवा गुडघा वाकत नाही. आम्ही हलत नव्हतो, कारण आम्ही ऐकत होतो.

गाडी चालवत होती ती मेहरेत तेकले, वय ४१. ती एरित्रियाहून इथे येऊन नऊ वर्षे झाली. नगरपालिकेच्या वतीने ती म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, औषध, जेवण बघते. गाडी तिच्या मालकीची आहे. तिला गेल्या ऑक्टोबरात, तिसऱ्या प्रयत्नात, वाहन परवाना मिळाला. पहिली दोन वर्षे परवाना अजमावणीवर असतो. या काळात मोठा ठपका आला तर सगळे पहिल्यापासून. येत्या सोमवारपासून तिला वरच्या खोऱ्यातली अकरा घरे दिली आहेत. तिथे बस जात नाही. परवाना गेला तर ती घरे दुसऱ्या कोणाला जातील आणि तिची नोकरीही.

सदर गाडी मेहरेतने गेल्या सप्टेंबरात एका गोठ्यातून चार हजार क्रोनरला घेतली. त्या किमतीत बरी सायकल येत नाही. गाडी पंचवीस वर्षांची, लांब, चौकोनी, पेटीसारखी. हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केले होते. मेहरेतचे म्हणणे होते, "काका, फक्त चालली पाहिजे." मी तिला सांगितले की नुसती चालणारी गाडी ही मालकाच्या मनातली गाडी आहे. माणूस कामावर वेळेत पोचला की मालकाचे काम भागते. वाटेत त्याला बरे वाटले की नाही, हे कोणी विचारत नाही. जी बाई रोज अकरा म्हाताऱ्यांचे अंग पुसणार, तिला दोन घरांच्या मधल्या वळणावर आनंद मिळाला पाहिजे. तो तिचा हक्क आहे, चैन नव्हे. आनंद रविवारपुरता राखून ठेवायचा, हे आपल्याला शिकवले कोणी? येथे अंमलदार श्रीमती तूवे ओस्लुंद यांनी हा जबाब आहे, भाषण नव्हे, असे सांगितले. मी हे वाक्य जबाबातच ठेवा असे सांगितल्यावरून ठेवले आहे.

माझ्या शेडमध्ये हिवाळाभर काम केले. नवे शॉक अॅब्सॉर्बर, आखूड स्प्रिंगा, त्यामुळे गाडी तीन बोटे खाली बसली. चारऐवजी पाच गिअर. लहान स्टिअरिंग. पुढच्या दोन सीट एका वेगवान गाडीच्या, अंगाला घट्ट धरणाऱ्या. मागचे डावे दार गंजले होते, ते बदलले. बदललेले दार लाल आहे. फेब्रुवारीत गिरणीच्या मोकळ्या आवारात, बर्फावर, मागची चाके घसरू देऊन गाडी कशी वळवायची ते मी मेहरेतला शिकवले. पहिल्या वेळी ती देवाचे नाव घेऊन ओरडली. चौथ्या वेळी हसली. मी तिला त्याआधी हसताना पाहिले नव्हते. याचा तपासाशी संबंध नाही असे अंमलदारांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे आहे की आहे.

सुटे भाग कोठून आणले असे विचारल्यावरून सांगतो की, हिल्डिंग बर्गवालच्या अंगणातून. त्याच्याकडे अशाच एकोणीस मोडक्या गाड्या गवतात उभ्या आहेत. मेहरेत त्याच्या गुडघ्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी तिकडे जाते. मी तिला सांगत असे, "तिकडच्या माणसाला विचार, पाच गिअरचा डबा आहे का."

शुक्रवारी ती निरोप आणत असे. "तिकडचे काका म्हणतात, आहे. पण ज्याला चार नीट टाकता येत नाहीत, त्याला पाचवा कशाला?"

"त्याला सांग, गाडी तू चालवणार आहेस."

"सांगितलं. म्हणाले, मग तिच्यासाठी देतो, त्याच्यासाठी नाही. आणि काका, तुम्ही दोघं फोन का करत नाही? मी आजारी माणसांची सेवा करते, टपाल नाही वाटत."

डब्यासोबत त्याने फडक्यात गुंडाळून दोन रबरी बुश पाठवले होते. ते मी मागितले नव्हते. ते लागणार होते हे मला डबा बसवताना कळले. माप बरोबर होते. संपूर्ण हिवाळा हा व्यवहार असाच चालला.

हिल्डिंगशी माझे बोलणे १९९७ सालापासून बंद आहे. गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही तीनशे माणसे फाटकाबाहेर होतो. आतली यंत्रे उतरवून विकायला काढण्याचे सहा महिन्यांचे काम हिल्डिंगने घेतले. सभेत मी व्यासपीठावरून त्याला एक नाव ठेवले. सभागृह हसले. तो तिसऱ्या रांगेत होता. त्याच्या घरी तेव्हा बायको अंथरुणाला खिळलेली होती, हे मला ठाऊक होते. मी चांगला वक्ता होतो. याबाबत अधिक काही सांगायचे नाही.

आजच्या घटनेबाबत सांगतो की, गाडीची तपासणी झालेली नसल्याने ती रस्त्यावर आणण्यास मनाई आहे. मात्र तपासणीची वेळ ठरलेली असेल, तर तेवढ्यापुरती, सर्वांत जवळच्या योग्य रस्त्याने, तपासणी केंद्रापर्यंत नेता येते. आमची वेळ दहा चाळीसची होती. अंतर चौतीस किलोमीटर. आम्ही साडेआठला निघालो. मेहरेतने तपासणीचे कागद मांडीवर ठेवले होते आणि पायात चांगले बूट घातले होते.

फाट्याच्या अलीकडे मागून आवाज येऊ लागला. खर्र, टक. वळणावर खर्र, ब्रेकला टक. मी म्हणालो, "मागचा एक्सल आहे. डावीकडे घे."

"काका, डावीकडे तपासणी नाही. डावीकडे हिल्डिंगकाका."

"तोच सांगू शकेल काय ते."

"कायद्यात बसतं का पण? नक्की? मला सोमवारी कामावर जायचंय."

"बसतं, पोरी. मी कायदा वाचलाय."

तिने आणखी एकदा विचारले. मी आणखी एकदा तेच सांगितले. तिने गाडी डावीकडे घेतली. यामुळे एकोणीस किलोमीटरचा फेरा पडला.

हिल्डिंग ओट्यावर कॉफी पीत उभा होता. कपात, इकडच्या जुन्या रीतीप्रमाणे, चीजचे तुकडे होते. तो मला म्हणाला, "अध्यक्षसाहेब! मालकाच्या पान्याकडे आज कसं काय येणं केलंत?" वर उल्लेख केलेले नाव ते हेच, 'मालकाचा पाना'. मी म्हणालो, "मागून आवाज येतोय." तो म्हणाला, "तुझ्या मागून नेहमीच यायचा."

त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. छपरावर हात ठेवला. मग म्हणाला, "दार लाल का?"

"तूच दिलंस."

"रंगवशील म्हणून दिलं होतं."

मेहरेत म्हणाली, "मला लालच आवडतं. दहा चाळीसला पोचायचंय. भांडण परत येताना करा."

हिल्डिंगचे म्हणणे पडले की असला आवाज गाडी चालती असल्याशिवाय ओळखता येत नाही आणि डिकीत आडवे होऊन फळीला कान लावावा लागतो. मी म्हणालो, "मग हो आडवा." तो म्हणाला, "एका बाजूचा आवाज मला कळेल, दुसऱ्या बाजूला कोण?" म्हणून मीही आडवा झालो. मेहरेतने आधी नकार दिला व किल्ली काढून घेतली. रस्ता हिल्डिंगच्या आणि शेजाऱ्याच्या मालकीचा आहे, सहा किलोमीटर दुसरे कोणी भेटत नाही, असे आम्ही दोघांनी सांगितल्यावर ती तीस किलोमीटरच्या वेगाने निघाली. शेजाऱ्याच्या लाकडाचा ट्रक आज येणार होता हे आम्हाला माहीत नव्हते.

डिकीत काय बोलणे झाले असे विचारल्यावरून सांगतो की, काही झाले नाही. चौथ्या किलोमीटरला हिल्डिंग म्हणाला, "डबा गोड चालतोय." मी म्हणालो, "हो."

मोठा रस्ता आला तेव्हा मेहरेतने स्वतःहून गाडी थांबवली. ती म्हणाली, "उठा दोघंही. सीटवर बसा, पट्टे लावा. नाहीतर मी गाडी इथंच सोडून चालत जाते." आम्ही उठत असताना पोलिसांची गाडी आली. उठायला वेळ लागला, कारण हिल्डिंगचा गुडघा.

आता फेऱ्याबाबत माझे म्हणणे असे. कायद्यात दोन शब्द आहेत. नुसते "सर्वांत जवळचा" म्हटलेले नाही, "योग्य" असेही म्हटले आहे. कायदा करणाऱ्याने तो शब्द शोभेसाठी घातला नाही. ज्या गाडीच्या एक्सलमध्ये दोष असल्याचा संशय आहे, ती भरधाव हमरस्त्यावर नेणे योग्य, की आधी जाणकाराला दाखवणे योग्य? चौतीस किलोमीटरचा धोका मोठा की एकोणीस किलोमीटरचा फेरा? फूटपट्टीने मोजला तर रस्ता फक्त लांब किंवा आखूड ठरतो. योग्य-अयोग्य ठरवायला माणूस लागतो.

यावर अंमलदारांनी मला सांगितले की, "बरं. म्हणजे एक्सलमध्ये दोष आहे हे चालकाला माहीत होतं. तरीही तिनं मनाई असलेली गाडी पुढे पंचवीस मिनिटं चालवली, त्यातले सहा किलोमीटर डिकीत माणसं घेऊन. तुम्ही जे सांगताय ते मी असंच लिहिलं, तर ते तिच्या परवान्यावर जाईल."

मी पाणी मागितले. पाणी देण्यात आले.

वरचा मजकूर खोडू नये. तो मी बोललो आहे. त्यापुढे आता खरे लिहून घ्यावे.

एक्सलमध्ये दोष नव्हता. मी एकतीस वर्षे करवतींना धार लावली. पात्याचा एक दात बोथट झाला तर मला दुसऱ्या शेडमध्ये बसून कळत असे. आवाज ऐकला त्याच क्षणी मी तो ओळखला. डिकीच्या फळीखाली जॅकचा लोखंडी दांडा असतो. तो मी काल रबराच्या पट्ट्याने बांधला होता. पट्टा तुटला आणि दांडा घरंगळू लागला. गाडी बाजूला घेऊन फळी उचलली असती तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. मी मेहरेतला ते सांगितले नाही. तिला एक्सल आणि दांडा यांतला फरक ओळखता येत नाही. कायद्याचे तिने दोनदा विचारले, दोन्ही वेळा मी तिला खोटे सांगितले. माझ्या वयाच्या माणसावर तिने विश्वास ठेवला. तिच्या गावी तशी रीत आहे. गाडी धडधाकट होती आणि आहे. चूक चालवणारीची नाही, रस्ता सांगणाऱ्याची आहे.

असे का केले, असे विचारल्यावरून सांगतो की, गाडीत जे चांगले आहे त्यातले निम्मे हिल्डिंगच्या अंगणातले आहे. तपासणी झाली की सोमवारपासून गाडी वरच्या खोऱ्यात जाणार. त्याने ती चालताना ऐकलेली नव्हती. ती त्याने ऐकावी अशी माझी इच्छा होती. तसे सांगून त्याच्याकडे जाता आले असते. ते मला जमले नाही. दोष सांगून जाणे जमले.

१९९७ च्या सभेत मी जे नाव ठेवले ते चुकीचे होते. याचाही तपासाशी संबंध नाही, हे मला माहीत आहे.

अंमलदारांनी माझ्यासमोर गाडीची डिकी तपासली. दांडा सुटा मिळाला, एक्सल कोरडा व घट्ट. त्यांनी तपासणी केंद्राला फोन लावला असता सव्वा एकची वेळ रिकामी आहे असे समजले. मेहरेतच्या नावे काय नोंद होणार हे समजल्याशिवाय मी सही करणार नाही असे सांगितले. तिला तोंडी समज देण्यात येईल, परवान्यावर काही जाणार नाही, आणि मला दंड होईल, असे अंमलदारांनी सांगितले. दंड मान्य आहे.

मेहरेत व हिल्डिंग बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. जबाब वाचण्यापूर्वी अंमलदार दार लावण्यास उठल्या. मी, राहू द्या, असे म्हणालो.

वाचन चालू असताना, जॅकच्या दांड्याचा मजकूर आला तेव्हा हिल्डिंग बाहेरून म्हणाला, "दांडा आहे हे मला गाडी अंगणात वळतानाच कळलं होतं. लिहून घ्या."

त्याचा जबाब स्वतंत्र होईल असे अंमलदारांनी सांगितले.

"माझा तेवढाच आहे. बाकी त्याचाच लावा."

मग सहा किलोमीटर डिकीत का पडून राहिलात, असे अंमलदारांनी विचारले.

हिल्डिंग म्हणाला, "जागा होती."

मेहरेत म्हणाली, "एक वाजत आला. सही करा हो, काका."

हा जबाब मला दार उघडे ठेवून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.

सही: सिक्स्टेन नूरलुंद
समक्ष: तूवे ओस्लुंद, पोलीस अंमलदार