बिनकाचेचा आरसा

भाची : झालं, मामा! बघ कसा लखलखतोय. गुंडाळू का कागदात?

मामा : घाई नडते तुझी. खिडकीशी आण आधी. सरळ नाही, तिरका धर. काय दिसतं?

भाची : मी दिसते, आणखी काय? अगंबाई! गालावर हे जाळं कसलं?

मामा : ओरखडे. घासायच्या खरखरीत चाकावरून उतरवल्यावर पत्रा पुसला होतास?

भाची : नाही. थेट मऊ चाकाला लावला.

मामा : मग जाडे कण मऊ चाकात शिरले. कर आता पहिल्यापासून.

भाची : चारला हा न्यायला गाडी येतेय रे! हॉस्पिटलच्या भिंतीला ठोकायचा साधा स्टीलचा आरसा. इतकं बारीक कोण बघतंय?

मामा : ताई बघणार. तुझी आई. त्या मनोरुग्णांच्या वॉर्डात काच चालत नाही, म्हणून सहा वर्षं तिनं स्वतःचं तोंड पाहिलेलं नाही. तिला वाटेल, हे ओरखडे आपल्याच गालावर आहेत. बसेल नखांनी खरवडत.

भाची : नको ना रे असं बोलूस.

मामा : मग ऊठ. मऊ चाक बदल. आणि या खेपेला मध्ये खडूची पूड टाकून पत्रा स्वच्छ पूस.

(मोटर सुरू होते. भाची पत्रा खरखरीत चाकावरून उतरवते आणि खडूच्या पुडीनं पुसते.)

मामा : आता मऊ चाक. दाबू नकोस, हात हलका ठेव. एका जागी थांबलीस तर पत्रा तापेल.

भाची : मामा... अरे, पत्रा गेला कुठे? नुसती खिडकी दिसतेय! मागचं कपाट, तू, तुझ्या भुवईतला पांढरा केससुद्धा! अंगावर काटा आला बघ.

मामा : माझ्याही येतो.

भाची : चाळीस वर्षं झाली की तुला हे करताना!

मामा : झाली ना. तरी अजून विश्वास बसत नाही. सकाळी याच पत्र्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

भाची : आईचे केस किती पिकलेत, मामा. एकदम बघून घाबरली तर?

मामा : एकटीला कशाला बघू द्यायचं? आपण जाऊ बरोबर. तू शेजारी उभी राहा तिच्या.

भाची : मग थांब. ही कडेची बाजू अजून धूसर आहे. दोघी मावायला हव्यात.