वीराचा टाक

(१९७२. शेवगाव तालुक्यातलं एक घर. देव्हाऱ्यापुढे म्हातारी मनकर्णा, तिचा धाकटा मुलगा गोरक्ष आणि नगरहून आलेले पोस्टातले कारकून राधाकृष्ण.)

गोरक्ष : हात लावू नका सायेब. आंगुळ केल्याबिगर आमी बी लावत न्हाई.

राधाकृष्ण : लांबूनच बघतो. पण हे देव्हाऱ्यात? आठ महिने मी याच्या मागावर आहे. नगरच्या जुन्या बाजारात मला नुसती पुठ्ठ्याची डबी मिळाली. वर तुमच्या थोरल्या भावाचं, भीमाचं नाव, तुमचं गाव, आत काही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानदलाची पदकं जमवायचा नाद आहे मला. पदकापेक्षाही ते कुणाचं, तो विमानात काय करायचा, हे हुडकण्याचा.

मनकर्णा : पदक न्हवं बाबा, आमच्या वीराचा टाक हाय ह्यो. लढाईत गेलेल्याचा टाक करून देवात बसवावा लागतो. सोनाराला चांदी कुटनं देनार? तर टपालानं ह्यो आयताच आला, तोंडासकट.

गोरक्ष : दर धुळवडीला मिरवतो आमी. मी नाचतो टाक घिऊन. आमच्या गावचे आबासाहेब बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले, त्ये सुदा गुलाल टाकून पाया पडत्यात.

राधाकृष्ण : याच्या? अहो, पण हे तोंड तर...

गोरक्ष : पानी घ्या सायेब.

मनकर्णा : काय म्हनत हुतास, लेकरा?

राधाकृष्ण : काही नाही आजी. तोंड फार लख्ख ठेवलंय.

मनकर्णा : रोज चिंच लावून घासते. औंदा हंडाभर पान्याला दोन कोस चालावं लागतं, पर त्याची वाटीभर आंगुळ चुकवली न्हाई. डोईवर मुकुट दिलाय बग सरकारनं. लगीन ऱ्हायलं हुतं त्याचं. म्या म्हनलं, चला, बाशिंग तरी बांदलं कुनीतरी. रुपयावर बी छापला हुता त्याला. मंग आपलं राज आलं आन काडून टाकला. बस, च्या टाकते.

गोरक्ष : गेली आत. आता हळू बोला. इंग्लंडच्या राजाचं तोंड हाय, ठावं हाय मला. शाळंत गुरुजींनी राजाचं चित्र दावलं, तवा मी उभा राहून म्हनलो, ह्यो माजा दादा. दोन छड्या खाल्ल्या. घरी यिऊन सांगनार हुतो, तर ही उंबऱ्यात बसून पदरानं त्याला पुसत हुती. मंग ऱ्हायलं त्ये ऱ्हायलंच.

राधाकृष्ण : मी एक फोटो आणलाय. पुण्यात एक म्हातारे वैमानिक भेटले, भीमाच्याच तुकडीतले. सहा जण विमानापुढे उभे आहेत. मधल्या गोऱ्या साहेबाचं नाव मागे लिहिलंय. बाकीची पाच पोरं आपली. त्यातला एक भीमा, एवढं ते शपथेवर सांगतात. कोणता, ते त्यांना आठवत नाही. तुम्हाला ओळखू येईल.

गोरक्ष : दादा गेला तवा मी सा वर्सांचा. जत्रंला मला खांद्यावर बसवून न्यायचा. म्हंजी मला दिसायचं त्याचं डोकं. दोन भवरे हुते. हितं तर समद्यांच्या डोक्यात टोप्या.

राधाकृष्ण : मग आजींशिवाय कुणी उरलं नाही. त्यांनी बोट ठेवलं की मी खाली नाव लिहीन. नाहीतर तो पाचातला एक म्हणूनच राहील कायमचा.

गोरक्ष : ऱ्हाऊ द्या. तिला दावू नका.

मनकर्णा : काय दावू नका?

राधाकृष्ण : आजी, या फोटोत तुमचा भीमा आहे. विमानात मागे तोंड करून, बंदूक धरून बसायचा तो. बर्माच्या जंगलावर विमान गेलं ते परत आलं नाही.

मनकर्णा : त्याचा फोटू? कदी काडलाच न्हाई रं आमी. थांब, हात पुसते. कुटं धरू? हां, उजेडाला धर. ह्यो बग. ह्यो मधला. त्येच नाक. मुकुट न्हाई म्हून जरा येगळा दिसतो. तिकडं जाऊन उजळलाय किती.

राधाकृष्ण : आजी, घाई नको. बाकीच्यांकडेही एकदा नीट बघा.

मनकर्णा : आयला वळखू येनार न्हाई व्हय? रोज माज्या हातानं आंगुळ घालते त्याला.

गोरक्ष : त्योच हाय, आये. लिवा सायेब.

राधाकृष्ण : अहो, काय लिहू?

गोरक्ष : भीमा लिवा. मधल्याच्या खाली.

राधाकृष्ण : लिहिलं.

मनकर्णा : गुनाचा गं माजा. आन ही बाकीची पोरं कुनाची? ह्यो कडंचा बग, लई वाळलाय. कपडं नुसतं अडकवल्यागत दिसत्यात आंगावर. ह्याचं घर सापडलं का रं, लेकरा?