धन्यवाद, आपला अर्ज मिळाला

(डोळ्यांच्या दवाखान्यातलं नोंदणीचं टेबल. दार अर्धं लोटलेलं. बाहेर बाकावर एक वृद्ध घड्याळदुरुस्तीवाले.)

नोंदणीताई : हळू बोल. त्यांचे डोळे गेलेत, कान नाहीत.

प्रोग्रामर : ऑपरेशनच्या यादीत त्यांचं नाव नाही, ताई. तीनदा पाहिलं.

नोंदणीताई : मग हे काय? ‘धन्यवाद, आपला अर्ज मिळाला.’ तुझ्याच पानाची छापील प्रत. दोन महिने घडी घालून खिशात जपलीय त्यांनी. एका डोळ्यानं काही दिसत नाही, दुसऱ्यानं काटे दिसतात तर आकडे दिसत नाहीत. दुकान बंद आहे. आज विचारायला आलेत, माझी तारीख कधी. काय सांगू?

प्रोग्रामर : सर्व्हरवरची फाइल आणलीय. नाकारलेला अर्जही तारखेसकट तिथे टिपला जातो. हा त्यांचा. बारा तारीख, सकाळी दहा चाळीस. नाव ठीक, जन्मतारीख ठीक. फोन नामंजूर.

नोंदणीताई : दहा आकडे होते. मीच भरले.

प्रोग्रामर : दहा आकडे आहेत का, ते तुमच्या पडद्यावरच बघितलं जातं. कमी पडले की चौकट लाल होते. पण नुसत्या पडद्यावर विसंबून चालत नाही. अर्ज सर्व्हरवर पोचला की तिथल्या प्रोग्राममध्ये, पीएचपीत, सगळं पुन्हा तपासावं लागतं. तिथे मी त्याच्या दोनच दिवस आधी, दहा तारखेला, एक नियम वाढवला. एका नंबरावर एकच अर्ज.

नोंदणीताई : कोणी सांगितलं होतं?

प्रोग्रामर : कोणी नाही. एकाच नंबरावर सदतीस अर्ज दिसले. वाटलं, कोणीतरी खोडसाळपणा करतंय. आज तो नंबर लावायला घेतला, तर माझ्या फोनवर तुमचं नाव उमटलं.

नोंदणीताई : माझाच आहे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना काय परत पाठवू? तुझी चौकट रिकामी सोडली तर अर्ज पुढे सरकत नाही. शून्यं भरून पाहिली, तीही तुला चालेनात.

प्रोग्रामर : मग तारखेचा निरोप?

नोंदणीताई : माझ्या फोनवर येतो. कोणाच्या शेजारच्या दुकानात कळवते, कोणाच्या सुनेला तिच्या कामावर गाठते. एका बाईंकडे तर तीन मजले चढून गेले. सदतीसांतल्या एकाचीही तारीख चुकलेली नाही. वही बघ हवी तर.

प्रोग्रामर : मला सांगायचं तरी.

नोंदणीताई : विचारलंस कधी? अर्ज बनवायला आलीस, अधीक्षकांच्या खोलीत तासभर बसलीस आणि गेलीस. या खुर्चीत दहा मिनिटं टेकली असतीस तरी कळलं असतं.

प्रोग्रामर : हो. बसायला हवं होतं.

नोंदणीताई : बरं, नाकारलास तर नाकारलास. वर धन्यवाद कशाला?

प्रोग्रामर : काही चुकलं असेल तर थांब, नसेल तर धन्यवादच्या पानावर जा, असं लिहिलेलं होतं. नवा नियम घाईत घुसवताना प्रोग्राममधला एक कंस चुकून आधीच बंद झाला. तेव्हापासून अर्ज काहीही असो, पान धन्यवादवरच जातं.

नोंदणीताई : म्हणजे दाराला कडी घालायची आणि आतून ‘या, या’ म्हणायचं.

प्रोग्रामर : तसंच झालंय.

नोंदणीताई : अजून किती जण?

प्रोग्रामर : तिघं. ही नावं.

नोंदणीताई : चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली ती बाई. हे शाळेतले जुने शिपाई. आणि ही... अगं, ही माझी चुलतसासू. रोज विचारते, आणि मी रोज सांगते, धीर धरा.

प्रोग्रामर : अधीक्षक काय म्हणाले?

नोंदणीताई : अर्ज त्याच दिवशी केल्याचा पुरावा आणा, गुरुवारच्या यादीत घालतो. नाही तर आजपासून नवा अर्ज. म्हणजे चार महिने. तोवर त्या डोळ्यात काय उरेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

प्रोग्रामर : पुरावा ही फाइलच, छापून देते. पण यात फोनचा रकाना आहे. चारही ओळींत तुमचा नंबर. खोटी माहिती भरली, असं तुमच्यावर येईल. औषधांच्या खिडकीवरच्या माणसाला त्यांनी एवढ्याशावरून काढलं, तुम्हीच सांगितलं होतं.

नोंदणीताई : निवृत्तीला माझी तीन वर्षं राहिलीत.

प्रोग्रामर : तो रकाना मी काढून छापू शकते. विचारलं तर सांगेन, माझा कंस चुकला. ते खोटं नाही.

नोंदणीताई : अर्धंच आहे. उद्या दुसरी कोणी हुशार येईल आणि हाच नियम पुन्हा घालेल.

प्रोग्रामर : फोनची सक्ती काढते. खाली नवी चौकट, ‘निरोप कुठे द्यायचा?’ दुकान, सून, तिसरा मजला, काहीही लिहा. आणि अर्ज नाकारला, तर कारण तुमच्यासमोर येईल, भरलेलं काही पुसलं जाणार नाही.

नोंदणीताई : कधी?

प्रोग्रामर : आत्ता. या खुर्चीत बसूनच करते, चालेल?

नोंदणीताई : बस. पण आधी कागद छाप. ते सकाळपासून ताटकळलेत.

प्रोग्रामर : आणि रकाना?

नोंदणीताई : राहू दे. गुरुवारचा निरोप त्याच नंबरावर येणार आहे.